डोक्याला मार लागून सहा आठवडे झाले, त्रास उशिरा सुरू झाला आणि अजून थांबत नाही : सल्ला हवा आहे

मूळ प्रश्न

सहा आठवड्यांपूर्वी जिन्याखालची पेटी काढून उठताना माझे डोके वरच्या पायरीच्या कडेवर जोरात आपटले. शुद्ध हरपली नाही, रक्त आले नाही, टेंगूळही लहानच होते. त्यामुळे त्या दिवशी मी नेहमीची सगळी कामे केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डोके जड होऊ लागले आणि तिसऱ्या दिवशी संगणकापुढे बसल्यावर अक्षरे हलल्यासारखी दिसून मळमळू लागले. सीटी स्कॅन केला, तो व्यवस्थित आला, आणि विश्रांती घेण्यास सांगून मला घरी पाठवण्यात आले. विश्रांती किती दिवस आणि कशी घ्यायची, हे कोणी सांगितले नाही. मी दोन आठवडे पडदे ओढून खोलीत पडून राहिले, फोन बाजूला ठेवला, वाचन पूर्ण सोडले. बरे वाटले म्हणून कामावर गेले, तर तिसऱ्याच दिवशी पहिले पाढे पंचावन्न.

आता दुपारनंतर डोक्याच्या मागच्या भागात ठणका लागतो, अंथरुणात कूस बदलली की गरगरते, दोन माणसे एकाच वेळी बोलू लागली की कोणाचेच नीट समजत नाही, आणि पूर्वी कधी नव्हती इतकी चिडचिड होते. माझे काम हिशेब तपासण्याचे आहे. आकड्यांची ओळ नजरेतून निसटते. रिपोर्ट चांगला आहे म्हणजे मी मनानेच घेतले आहे, असे घरच्यांना वाटते. इतक्या उशिरा सुरू झालेला त्रास त्या माराचाच असू शकतो का, आणि यापुढे आणखी विश्रांती घ्यावी की कामाची सवय करावी? कोणत्या तज्ज्ञाकडे जावे, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, आपण मनाने घेतलेले नाही, हे सर्वांत आधी सांगतो. सायकलवरून पडल्यानंतर मला पूर्ववत होण्यास सात महिने लागले आणि त्यातले पहिले तीन महिने मी नेमक्या याच शंकेत घालवले.

सीटी स्कॅन प्रामुख्याने रक्तस्राव आणि कवटीचे हाड मोडणे शोधण्यासाठी असतो. मेंदूला हादरा बसतो, म्हणजे ज्याला कंकशन म्हणतात, तेव्हा बिघाड बहुतांशी पेशींच्या कामकाजात होतो आणि तो स्कॅनवर दिसत नाही. हादऱ्याने चेतापेशी ताणल्या जातात, त्यांच्यातील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, आणि हा समतोल पूर्ववत करण्यासाठी पेशींना नेहमीपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा लागते. त्याच वेळी मेंदूचा रक्तपुरवठा मात्र काहीसा घटलेला असतो. मागणी आणि पुरवठा यांतील ही तफावत घडत जाते, म्हणून काही जणांना त्रास काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी जाणवू लागतो. शुद्ध हरपणे ही कंकशनची अट नाही. बहुसंख्य रुग्णांची शुद्ध हरपतच नाही. प्रौढांपैकी बरेच जण साधारण दोन आठवड्यांत सावरतात, पण चार आठवड्यांपलीकडे त्रास उरणाऱ्यांचे प्रमाणही नगण्य नाही. आधीपासून अर्धशिशी असणे, पूर्वी असाच हादरा बसलेला असणे आणि सुरुवातीच्या दिवसांत त्रास फार तीव्र असणे, यांमुळे तो लांबण्याची शक्यता वाढते.

अंधाऱ्या खोलीविषयी मला आग्रहाने बोलायचे आहे, कारण मीही तेच केले होते. पूर्वी तसा सल्ला सर्रास दिला जाई. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एक-दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर हळूहळू हालचाल सुरू करणाऱ्या मुलांपेक्षा आणि तरुणांपेक्षा पाच दिवस सक्त विश्रांती घेतलेल्यांनी अधिक तक्रारी नोंदवल्या. आम्सटरडॅम येथे २०२२ साली झालेल्या खेळातील कंकशनविषयक आंतरराष्ट्रीय परिषदेच्या शिफारशीही त्याच दिशेने आहेत : पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती (म्हणजे पूर्ण पडून न राहता रोजच्या हलक्या हालचाली करत घेतलेली), आणि मग झेपेल तितका हलका व्यायाम. दोन आठवडे पडून राहिल्याने शरीराची कामाची तयारी कमी होते, झोपेचे वेळापत्रक विस्कटते, उजेड आणि आवाज यांची सवय सुटते, आणि मग एकदम पूर्ण दिवस कामावर गेल्यावर सगळेच अंगावर येते. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे.

मला उपयोगी पडलेली पद्धत अशी. कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी त्रासाला शून्य ते दहा यांपैकी एक गुण द्यावा. काम करताना तो सुरुवातीच्या आकड्यापेक्षा फार तर दोनने वाढला आणि तासाभरात उतरला, तर काळजीचे कारण नाही. त्याहून अधिक वाढला, तर त्या दिवसापुरते थांबावे आणि दुसऱ्या दिवशी प्रमाण थोडे कमी करावे. या वाढीने मेंदूला नवी इजा होत नाही, हे समजल्यावर माझी निम्मी भीती गेली. मी रोज सपाट रस्त्यावर १५ मिनिटे चालण्यापासून सुरुवात केली आणि दर तीन-चार दिवसांनी पाच मिनिटे वाढवली. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ट्रेडमिलवर चालवून कोणत्या नाडीच्या वेगाला त्रास वाढतो हे पाहण्याची चाचणीही असते. त्या वेगाच्या थोडे खाली राहून व्यायाम ठरवून देतात. ती सोय उपलब्ध असेल तर अवश्य करून घ्यावी.

डोकेदुखीच्या गोळ्या किती घेता, हे आपण लिहिलेले नाही. मी जवळजवळ रोज घेत होतो. साधी वेदनाशामके महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी सुरू राहू शकते. माझ्या डोकेदुखीचा मोठा भाग त्यातला होता आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या थांबवल्यानंतरचे दोन आठवडे फार कठीण गेले, पण पुढे फरक स्पष्ट दिसला.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि असे रुग्ण नियमितपणे पाहते. वरचा प्रतिसाद योग्य आहे. त्याला इतकेच जोडते की, हादरा एकच असला तरी मागे उरलेल्या तक्रारींचे उगम वेगवेगळे असू शकतात, आणि ते शोधल्याखेरीज नुसते 'हळूहळू बरे होईल' म्हणत राहणे रुग्णावर अन्यायकारक आहे.

कूस बदलताना गरगरणे, हे आपल्या वर्णनातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आतल्या कानात कॅल्शियमचे सूक्ष्म कण असतात. डोक्याला मार लागल्यावर ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात आणि डोक्याची दिशा बदलली की काही सेकंद सगळे फिरू लागते. झोपवून डोके विशिष्ट कोनात वळवायचे आणि डोळ्यांची हालचाल पाहायची, अशा साध्या तपासणीत हे ओळखता येते. उपचारही औषधाचा नसून डोके क्रमाक्रमाने वळवून ते कण जागेवर आणण्याचा आहे. एप्ली यांच्या नावाने तो ओळखला जातो. अनेकांना एक-दोन वेळांत आराम पडतो. मात्र मानही दुखत असेल, तर हे स्वतः घरी करू नये.

डोक्याच्या मागचा ठणका मानेतून येत असण्याची शक्यता बरीच असते, कारण मेंदूला हादरा देणारा धक्का मानेलाही बसलेला असतो. दुपारनंतर, म्हणजे बसून काम झाल्यावर तो वाढतो, हेही त्याला धरूनच आहे. ओळ निसटण्यामागे दोन्ही डोळे जवळच्या वस्तूवर एकत्र वळवण्याची क्षमता कमी झालेली असू शकते. चष्म्याचा नंबर तपासताना ते लक्षात येत नाही, म्हणून नेत्रतज्ज्ञांना ते मुद्दाम सांगावे लागते. तेव्हा प्रथम मेंदूविकारतज्ज्ञ, आणि त्यांच्या सल्ल्याने मान, तोल आणि दृष्टी यांची स्वतंत्र तपासणी, असा क्रम मी सुचवीन.

घरात काळा चष्मा लावून वावरत असाल, तर तो हळूहळू सोडावा. त्याने डोळे अंधाराला सरावतात आणि उजेड अधिकच खुपू लागतो.

प्रतिसाद ३

स्कॅन चांगला आला होता, तरी एक सूचना नोंदवणे मला आवश्यक वाटते. माझ्या वडिलांना डोक्याला किरकोळ मुका मार लागल्यानंतर जवळजवळ महिन्याने चालताना एका बाजूला झोक जाऊ लागला आणि बोलणे तुटक झाले; मेंदूच्या आवरणाखाली सावकाश रक्त साचले होते. उतारवयात आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. डोकेदुखी दिवसेंदिवस वाढत जाणे, वारंवार उलट्या, झटका, हातापायांतील अशक्तपणा, गुंगी किंवा एका डोळ्याची बाहुली दुसऱ्या डोळ्याच्या बाहुलीपेक्षा मोठी दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर एक दिवसही न थांबता रुग्णालयात जावे.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. वाढत जाणारी लक्षणे नाहीत; वय ४१ आहे आणि अशी कोणतीही औषधे सुरू नाहीत. गोळ्या मात्र आठवड्यातून चार-पाच दिवस घेते, हे आज प्रथमच मोजले. कार्यालयात काय सांगावे, हा प्रश्न उरतो. बाहेरून मी धडधाकट दिसते.

प्रतिसाद १

'बरे नाही' एवढे सांगून भागत नाही, कारण ऐकणाऱ्याला त्यावर काही करता येत नाही. डॉक्टरांकडून लेखी घेऊन नेमकी मागणी करावी : सुरुवातीला अर्धा दिवस, दर अर्ध्या तासाने पाच मिनिटे डोळे मिटून बसण्याची मुभा, एका वेळी एकच काम, आणि जमेल तिथे आकडे छापील कागदावर. बारकाईचे काम सकाळी ठेवावे. चिडचिडीविषयी घरच्यांशी आणि डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. ती या त्रासाचाच भाग आहे. उदासी उतरत नसेल तर समुपदेशन लवकर सुरू करावे, मी ते फार उशिरा केले.

मूळ प्रश्नकर्ती (१६ दिवसांनंतर)

उजव्या कानातले कण सुटलेले निघाले. दोन वेळा उपचार झाल्यावर कूस बदलताना गरगरणे थांबले. घरच्यांना तपासणीच्या वेळी मुद्दाम सोबत नेले होते. माझी बुबुळे आपोआप झटक्याने हलताना त्यांनी स्वतः पाहिली आणि त्यानंतर मनाने घेतल्याचे कोणी म्हटलेले नाही. मानेचे व्यायाम सुरू आहेत, गोळ्या आठवड्यातून दोन दिवसांवर आल्या आहेत, चालणे २५ मिनिटांपर्यंत पोहोचले आहे. ठणका अजून आहे, पण वहीतल्या नोंदींप्रमाणे तो आता दोनऐवजी चारच्या सुमारास सुरू होतो. डोळ्यांच्या तपासणीची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. तोवर हिशेबाच्या कागदावर पट्टी ठेवून एकेक ओळ वाचते आहे.