मोठी डिश कुठे बसवू? लवकर सांगा, शनिवारी वेल्डर येतोय

भरतीओहोटी
घरी मोठी डिश बसवायची आहे. बाबा म्हणतात गच्चीवर, आई म्हणते गच्चीला हात लावायचा नाही. परसात जागा आहे, पण तिथे माझं मन घेत नाही. वेल्डर शनिवारी येतोय, तो हुकला तर पावसाआधी काही उगवायचा नाही. सेफ जागा कुठली? ज्यांनी स्वतः बसवली आहे त्यांनीच सांगा.

पाना_पक्कड
मोठी म्हणजे केवढी? गाव कुठलं? कुठल्या उपग्रहावर लावणार? जाळीची की भरीव? डॉक्टरला फोन करून नुसतं "दुखतंय" म्हणालात तर तो तरी काय सांगणार?

डोंबिवलीची_वैनी
डिश कशाला हवी आता? फायबर घ्या. आम्ही तर टीव्हीच काढून टाकला, मुलं वाचायला लागली. (मोबाईलवर, पण वाचतात.)

भरतीओहोटी
वैनी, आमच्याकडे लाईट टिकली तरी मिळवली. ८ फुटी आहे, भरीव. मामाचा केबलचा धंदा बंद झाला, त्याच्याकडे पडून होती. ८३ अंश पूर्व रेखांशावरचा जीसॅट-३० लावायचाय. देवगड तालुका, खाडीपासून अर्धा किलोमीटर. झालं समाधान?

फुकट_दर्शन
एवढा खटाटोप कशाला? डीडी फ्री डिश लावा, ९३.५ अंशावर जीसॅट-१५, दोन फुटी डिश पुरते, महिन्याचा खर्च शून्य.

पाना_पक्कड
त्यांनी हे विचारलंय का?

फुकट_दर्शन
नसेल विचारलं. हिताचं सांगितलं तर बिघडलं कुठे?

जुना_केबलवाला
१८ वर्षं हेच केलं. गच्चीवर, पॅरापेटच्या आतल्या अंगाला, चार अँकर बोल्ट, विषय संपला. वर सिग्नलही चांगला येतो.

पाना_पक्कड
उपग्रह ३६ हजार किलोमीटर वर आहे, तुम्ही पंधरा फूट वर चढलात म्हणून तो जवळ येत नाही. आड काही येत नसेल तर जमिनीवरही तेवढाच सिग्नल मिळतो. आता वाऱ्याचं. ८ फुटी डिश म्हणजे ५० चौरस फुटांचं शीड. ताशी १२० किमीचा वारा समोरून आला तर ४०० किलोच्या आसपास जोर बसतो, आणि तो सगळा त्या चार बोल्टांवर. स्लॅबला भोकं पाडलीत की पहिल्या पावसात गळती, ती वेगळीच. आईंचं बरोबर आहे.

जुना_केबलवाला
पुस्तकातले हिशोब पुस्तकात ठेवा. माझी एकही डिश उडाली नाही.

पाना_पक्कड
३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरकडे धडकलं तेव्हा आमच्या आतेची गच्चीवरची ६ फुटी उडाली. शेजाऱ्यांच्या विहिरीत सापडली. बोल्ट शाबूत होते, स्लॅबचा तुकडाच सोबत गेला होता.

जुना_केबलवाला
मग स्लॅब कच्चा असणार.

तिरफळ
वादळाचा सोडा. परसात माड आसत काय? नारळ पडलो काय डिशीचो चेंदो झालोच म्हणून समजा.

भरतीओहोटी
आहेत ना, दोन. म्हणून तर मन घेत नाही. शिवाय वरून लाईटची तार जाते.

पाना_पक्कड
अहो, हे आधी सांगायचं की नाही! परसाचा विषयच बंद. डिश पडण्याचं पुढचं पुढे, शनिवारी तुम्ही आणि वेल्डर मिळून १० फुटी जीआय पाईप उभा करणार, त्याचं टोक तारेला लागलं की दोघेही गेलात. खांब अधिक डिश आडवी झाली तरी तारेपर्यंत पोचणार नाही, इतकं अंतर हवंच. तुमच्याकडून ८३ अंश म्हणजे दक्षिणेपासून साधारण ३१ अंश पूर्वेकडे, आणि वर ६८ अंश. डिश जवळजवळ आकाशाकडेच बघणार. त्यामुळे ४० फुटी माड १७ फुटांपलीकडे असला तर सिग्नलच्या आड येत नाही. झावळ्यांसाठी मात्र २५ फूट धरा. पूर्वेला मोकळं काही आहे का?

भरतीओहोटी
गोठ्यामागे आहे. घरापासून ५५ फूट. तार नाही, माड नाही. पण तिथे आई सोलं वाळत घालते.

डोंबिवलीची_वैनी
कोकमाची? विकता का? एक किलो हवी होती.

रानवारा
५जी टॉवर जवळ आहे का? सी-बँड (मोठ्या डिशवर येणाऱ्या सिग्नलचा पट्टा) ३७०० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, ५जी त्याच्या लगेच खाली. आमच्याकडे चित्राचे चौकोन व्हायचे, एलएनबीच्या (डिशसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीच्या) तोंडाशी फिल्टर लावल्यावर थांबले.

भरतीओहोटी
४जीसाठीच गोठ्यावर चढावं लागतं. जागेबद्दल बोला.

जुना_केबलवाला
गोठ्यामागे चालेल. (गच्ची बरी, हे अजूनही माझं मत.) ५५ फुटांना आरजी-६ वायर पुरते, सिग्नलला काही होत नाही. एक गोष्ट या पुस्तकी लोकांनी सांगितली नाही. तुमची डिश भरीव आहे आणि कोकणात ती परातीसारखी वर तोंड करून बसते. खालच्या काठाशी पाणी साठतं. सगळ्यात खोलगट जागी १० मिमीचं भोक पाडा, नाहीतर श्रावणात त्यात डास होतील. एकाच्या डिशमध्ये मी बेडूक पाहिलाय.

पाना_पक्कड
भोकाचं शंभर टक्के मान्य. तीन इंची पाईप, अडीच बाय अडीच फुटांचा खड्डा, तीन फूट खोल. पाईपच्या बुडाला आडव्या सळ्या वेल्ड करा, म्हणजे काँक्रीटमध्ये तो फिरणार नाही. डिश आठवडाभर चढवू नका. खांबाला अर्थिंग द्या, आणि आभाळ भरून आलं की, वीज कडाडायला लागण्याआधीच, वायर टीव्हीपासून काढून ठेवा. अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

फुकट_दर्शन
दोन फुटीला यातलं काही लागत नाही. असो.

भरतीओहोटी
अपडेट. आईला सोलांसाठी गच्ची दिली, तिचं काही म्हणणं नाही. बाबा अजून बोलत नाहीत. आज खणायला घेतलं, दीड फुटावर कातळ लागला. पहार नुसती ठिणग्या काढतेय. आता?

तिरफळ
नीट बघा हां, कातळशिल्प गावला तर डिश रवली बाजूक.

पाना_पक्कड
कातळ अखंड आहे की वरचा पापुद्रा? पहारीने ठोकून आवाज ऐका. पोकळ आला तर फोडून खाली जा. खणखणीत असेल तर फोडू नका, ड्रिलने एक फूट खोल चार भोकं पाडा, धूळ फुंकून काढा, सळ्या केमिकल अँकरने (भोकात भरायच्या घट्ट चिकटणाऱ्या मसाल्याने) बसवा आणि त्यावर काँक्रीट ओता. आवाज कसा येतोय?

भरतीओहोटी
अर्ध्या भागात खणखणीत, अर्ध्यात पोकळ. गोठ्याच्या बाजूचा पोकळ आहे.

जुना_केबलवाला
म्हणून म्हणत होतो, गच्ची.