प्रद्युमन, चिमणराव आणि म्हणे 'युनिव्हर्स'

तिसरामजला:
काल इथे एका सदस्याने शिवाजी साटमांवर लांबलचक आरती लिहिली. दीडशे लाइक पडलेत, त्यामुळे गप्प बसवत नाही. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सार असं: मुंबई दूरदर्शनवरच्या 'एक शून्य शून्य'मधला इन्स्पेक्टरच बढती मिळून 'सीआयडी'तला एसीपी झाला. दोन्हींत साटम, दोन्हींच्या मागे बी. पी. सिंग. पुढे २०१२ मध्ये या एसीपीची 'अदालत'मधल्या वकील के. डी. पाठकशी गाठ पडली, नंतर 'तारक मेहता'तल्या गोकुळधाम सोसायटीशी. सबब हे सगळं एकच विश्व आहे आणि मार्व्हलवाल्यांनी आपल्याकडे शिकवणी लावावी.

अहो, नट तोच आणि दिग्दर्शक तोच म्हणून विश्व एक? मग दिलीप प्रभावळकरांचं काय करायचं? चिमणराव म्हातारे होऊन टिपरे आबा झाले आणि मधल्या काळात तात्या विंचू होते, असं समजायचं का?

विश्व बघायचं तर 'मालगुडी डेज' बघा. शंकर नाग यांनी आगुंब्यात चित्रित केलं. गोष्टी वेगळ्या, माणसं वेगळी, पण गल्ली तीच. मी चार वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. बदाबदा पाऊस, आणि चित्रीकरण झालं त्या दोड्डमने नावाच्या जुन्या घराच्या ओसरीवरचा लाकडी खांब बघून बायको म्हणाली, "इथेच स्वामी बसायचा." ओळख करून द्यायला कुणी पाहुणा एसीपी यावा लागला नाही. दोन मालिकांची पात्रं एकत्र आणणारा 'महासंगम' भाग म्हणजे एकाच मालकाच्या दोन दुकानांची सामाईक जाहिरात. त्यात कलेचा प्रश्न कुठे येतो?

दरवाजातोड:
'एका सदस्याने' म्हणजे मीच. नाव घेतलं असतं तरी चाललं असतं.

बढतीची थिअरी अर्धी गंमत होती. खाली डोळा मारलेली स्मायली होती, ती तुम्ही सोयीस्कर वगळलीत. पण साटमांबद्दल जे लिहिलं ते गमतीत नव्हतं. बँकेतली नोकरी सांभाळून नाटक करणारा माणूस. १९९८ पासून २०१८ पर्यंत एकच पात्र. वीस वर्षं! मुलाला, नकुलला, स्वतःच्या हाताने गोळी घालावी लागते तो भाग काढून बघा. त्यानंतरचा त्यांचा चेहरा बघा आणि मग जाहिरात म्हणा. २००४ मध्ये १११ मिनिटांचा एक भाग एकाच सलग शॉटमध्ये केला या लोकांनी, गिनीजमध्ये नोंद आहे. हेही दुकानच का?

प्रभावळकर थोर आहेतच. ते प्रत्येक भूमिकेत नाहीसे होतात. पण एकाच कोटात वीस वर्षं राहून तो कोट झिजू न देणं हे सोपं वाटतं का तुम्हाला?

ऱ्हस्वदीर्घ:
दोघांचंही चालू द्या, पण नाव 'प्रद्युम्न' आहे. प्रद्युमन नव्हे. श्रीकृष्ण-रुक्मिणीचा पुत्र. साटमांसारखा मराठी नट असूनही वीस वर्षं कुणी हे सुधारलं नाही. तीच गत त्यातल्या डॉक्टर साळुंख्यांची. हिंदीत गेले आणि 'ळ' दादरलाच उतरवून गेले. आपल्या भाषेच्या उज्वल परंपरेला हे शोभत नाही.

पुणेरी_पॉपकॉर्न:
आले! मी घड्याळ लावून बसलो होतो.

दरवाजातोड:
ऱ्हस्वदीर्घ सर, पात्राचं नाव निर्मात्याने जे ठेवलं ते. तुम्ही 'ब्राह्मण' लिहिता आणि बोलताना 'ब्राम्हण'च म्हणता ना? की 'ह'वर थांबून मग 'म'?

ऱ्हस्वदीर्घ:
मी थांबतो.

माहेरवाशीण:
हसू नका कुणी, माझ्या भाच्याचं नाव प्रद्युम्न आहे. दहावीच्या सर्टिफिकेटवर प्रद्युम्न, एका सरकारी कार्डावर प्रद्युमन, आणि कॉलेजच्या यादीत प्रदुम्न. पासपोर्टच्या वेळी खिडकीवरचे साहेब म्हणाले, "हे तीन वेगळे भाऊ आहेत का?" प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात छापून आणलं, तेव्हा कुठे तो एकच माणूस ठरला. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी 'ए' लावला तर दिल्लीत 'प्रद्युम्ना' म्हणतात, न लावला तर एसीपी. ताई म्हणते, अनिकेत ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं.

वसईचा_विल्सन:
अनिकेतमध्येही अडचण आहे ताई, आमच्या ऑफिसात सात आहेत.

ऱ्हस्वदीर्घ:
हेच तर सांगतोय! मालिका घराघरांत जाते, मग शाळेतल्या बाईसुद्धा हजेरीत तसंच लिहितात. म्न हे जोडाक्षर मरत चाललंय. 'निम्न' सोडला तर रोजच्या वापरात उरलंय कुठे?

पुणेरी_पॉपकॉर्न:
कोकणात धरणासाठी आंदोलनं होतात, इथे म्न साठी.

तिसरामजला:
धागा माझा आहे, आठवण करून देतो. म्न साठी वेगळा काढा.

दरवाजातोड, नकुलचा भाग पाहिलाय. चांगला आहे. पण त्याच चॅनलने मालिका पुन्हा सुरू करून २०२५ च्या एप्रिलमध्ये प्रद्युमनला बॉम्बस्फोटात मारलं, रीतसर श्रद्धांजलीची पोस्ट टाकली, लोक खरोखर रडले, आणि मग परत आणलं. ज्या विश्वात मरणालाही अर्थ नाही त्यात गुंतायचं कशात? चिमणरावांच्या भागात सगळ्यात मोठं संकट म्हणजे पाहुणे येणं. तरी आमच्या चाळीत शटरच्या टीव्हीसमोर तीस माणसं श्वास रोखून बसायची. एक पोरगा गच्चीवर अँटेना धरून. "आलं का?" "आलं!" "आता?" "गेलं!" बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ नुसता दारात उभा राहिला की हशा. तो पोरगा मीच होतो, त्यामुळे अर्धे भाग मी फक्त ऐकलेत.

दरवाजातोड:
म्हणजे न पाहिलेल्या मालिकेच्या जिवावर माझ्याशी भांडताय.

तिसरामजला:
ऐकल्यात म्हटलं. आणि प्रभावळकर ऐकूनही कळतात. साटमांना ती हाताची बोटं फिरवावी लागतात.

दरवाजातोड:
हे खालच्या पातळीवर गेलं. ती बोटं म्हणजे एका पात्राची लकब आहे, लकब बसवायलाही नट लागतो. तुमचे टिपरे आबा चष्मा पुसत नव्हते का? 'टिपरे' किती वेळा बघता ते सांगा आधी. मी बघतो, दर दिवाळीत. शुभांगी गोखल्यांसाठी. तुम्ही लोक नुसती नावं घेता.

सिएटलकर:
जरा थंड घ्या दोघे. अमेरिकेत हा खेळ फार पुढे गेलाय. 'सेंट एल्सव्हेअर' नावाची हॉस्पिटलची मालिका १९८८ मध्ये संपली, शेवटच्या प्रसंगात कळतं की हे सगळं बहुधा एका मुलाच्या मनातलं होतं, आणि ते हॉस्पिटल त्याच्या हातातल्या काचेच्या गोळ्यात. मग चाहत्यांनी हिशेब मांडला: त्यातले डॉक्टर 'चीअर्स' या दुसऱ्या मालिकेतल्या बारमध्ये येऊन गेलेत, म्हणजे 'चीअर्स'ही मुलाच्या मनातली. असं करत करत अर्धा अमेरिकन टीव्ही त्या पोराच्या डोक्यात.

रिचर्ड बेल्झर या नटाने जॉन मंच हा एकच डिटेक्टिव्ह 'होमिसाइड', 'लॉ अँड ऑर्डर', 'एक्स-फाइल्स', अगदी 'द वायर'मध्येही केला. तिथला नियम साधा आहे: पात्र त्याच नावाने आलं पाहिजे. त्यामुळे 'अदालत' धरा, 'एक शून्य शून्य' सोडा. दोघेही निम्मे बरोबर, निम्मे चूक.

दरवाजातोड:
पात्राच्या नावाचा नियम मान्य. बढतीची थिअरी मागे घेतो. स्मायलीसकट.

ऱ्हस्वदीर्घ:
पात्राच्या नावाचा नियम लावायचा तर आधी ते नाव नीट लिहिलेलं हवं.

अबोली_६२:
मी सहसा लिहीत नाही. मागच्या पावसाळ्यात मिस्टर एकवीस दिवस अ‍ॅडमिट होते. जनरल वॉर्डात कोपऱ्यात एक टीव्ही, रिमोट हरवलेला, त्यामुळे एकच चॅनल आणि त्यावर दुपारभर जुनी सीआयडी. यांना बोलता येत नव्हतं. शेजारच्या कॉटवर परभणीकडचा एक मुलगा होता, पाय मोडलेला. तो प्रत्येक भागात खुनी कोण ते आधी सांगायचा आणि हे बोट हलवून 'नाही' म्हणायचे. दोघांची पैज. फ्रेडी पडद्यावर आला की वॉर्ड हसायचा. फ्रेडी करणारे दिनेश फडणीस २०२३ च्या डिसेंबरात गेले हे यांना ठाऊक होतं, तरी हसायचे. सोळाव्या दिवशी पहिला शब्द बोलले तो "वॉचमन". खुनी वॉचमनच निघाला.

आम्ही घरी आलो. आता तो मुलगा फोन करतो तेव्हा तब्येत नंतर विचारतो, आधी "काका, कालचा बघितला का?"

पुणेरी_पॉपकॉर्न:
काकू, पॉपकॉर्न बाजूला ठेवलं.

तिसरामजला:
अबोलीताई, मिस्टरांना नमस्कार सांगा. यावर वाद घालायला मी काही राक्षस नाही.

महासंगमबद्दल माझं मत तेच आहे. पण पायमोडका परभणीकर आणि न बोलणारे काका एका पैजेवर आले, तो एक महासंगम मी नाइलाजाने धरतो. दरवाजातोड, उड्या मारू नका, एकच धरलाय.

दरवाजातोड:
एकाने सुरुवात होते. त्या वॉचमनच्या भागाची लिंक कुणाकडे आहे का?

वसईचा_विल्सन:
वॉचमन खुनी असलेले भाग किती असतील याची कल्पना आहे का तुम्हाला?

माहेरवाशीण:
विषयांतराबद्दल माफी, पण ऱ्हस्वदीर्घ काका, तुमची पहिली पोस्ट आत्ता परत वाचली. 'उज्वल' नाही, 'उज्ज्वल'. दोन ज.

ऱ्हस्वदीर्घ:
टंकनदोष.

माहेरवाशीण:
आमच्या खिडकीवरचे साहेबही हेच म्हणाले होते.