वादळ गेल्यावर मुंबईत समुद्री पक्षी कुठे बघायचे?

खाडीकाठ:
मंडळी, यंदाचं ऑक्टोबरचं वादळ किनाऱ्याला न धडकता समुद्रातूनच वर सरकतंय, पण इथे पाऊस-वारा नुसता झोडपतोय. अशा वेळी भर समुद्रातले पक्षी काठाला येतात म्हणे. मी पार्ल्यात राहते, ८ बाय ४२ ची दुर्बीण आहे, स्कोप (तिवईवरची मोठी दुर्बीण) नाही. शनिवारी वारा पडेल म्हणतायत, तर तेव्हा शिवडीला जाऊ का वरळी सी फेसला?

पाणटिवळा:
शिवडी राहू दे गं, चिखलातले पक्षी पुढच्या आठवड्यातही तिथेच असणार आणि रोहित (फ्लेमिंगो) तर अजून फारसे आलेलेही नसतात. वादळाने रेटलेले पक्षी मात्र वारा पडला की परत आत निघून जातात, म्हणून शनिवारपर्यंत थांबू नकोस, पाऊस जरा उघडला की उजाडता उजाडता वांद्र्याचं बँडस्टँड गाठ, पण कठड्याच्या अलीकडूनच बघ, कातळावर अजिबात उतरू नकोस. २०१९ च्या दिवाळीत क्यार आलं तेही असंच लांबून गेलं होतं. आपल्याकडची वादळं घड्याळाच्या उलट फिरतात, त्यामुळे ते पश्चिमेला असलं की आपल्याला दक्षिणेचा, नैऋत्येचा वारा लागतो आणि पक्षी त्याच्याबरोबर काठाकडे सरकतात. गडद पाठीचा सुरय (टर्न) दिसला तर नीट बघ. पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेली असेल तर ब्रायडल्ड टर्न, पांढरं कपाळापुरतंच असेल तर सूटी टर्न. मास्क्ड बूबी किंवा फ्रिगेटबर्ड हे भर समुद्रातले मोठे पक्षी दिसले तर लगेच इथे टाक!!

आरेवाला:
सगळे समुद्राकडेच का बघतायत कळत नाही. हाच महिना झाडांवरच्या प्रवासी पक्ष्यांचाही आहे, युरोपियन रोलर, स्पॉटेड फ्लायकॅचर, आफ्रिकेकडे निघालेले चातक, आणि एवढा पाऊस लागला की ते उडायचे थांबतात. ताई, बँडस्टँडवरून परतताना धारावीजवळच्या निसर्ग उद्यानात एक चक्कर माराच, मला तर तेच जास्त आवडतं.

वेसावकर:
एक कळकळीची विनंती. वाळूत बसलेला समुद्री पक्षी दिसला तर त्याला परत पाण्यात सोडू नका, तो दमून बसलेला असतो, पाण्यात भिजला तर मरेल. चोचीत पाणी ओतू नका. टॉवेल टाकून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ ला फोन करा. बूबी असेल तर चोच बांधायची नाही म्हणजे नाही, त्याला बाहेरून नाकपुड्याच नसतात, तो तोंडानेच श्वास घेतो. पण चोच जबरदस्त लागते, तेव्हा तोंड लांब ठेवा. आणि कुत्री हाकला आधी, फोटो नंतर.

खाडीकाठ:
नाकपुड्यांचं माहीतच नव्हतं, थँक्यू दादा. मग उद्याच निघते. भरती बघायची का?

पाणटिवळा:
बँडस्टँडला एवढी गरज नाही, तिथे वारा महत्त्वाचा. वेसावे-अक्साला जायचं असेल तर बघ. भरतीला कुरव (गल) आणि चिखले (प्लोव्हर) कोरड्या वाळूवर जवळ येऊन बसतात, ओहोटीला दुर्बिणीत ठिपके दिसतात फक्त. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, आजची बघून हिशोब कर. आणि बसलेला थवा उडवू नकोस, वादळातून आलेत ते.