लिनक्स परीक्षेसाठी कमांड किती पाठ करायच्या?

प्रश्न (जुळे सोलापूर): आधी एलपीआयसी-१ (लिनक्सची लेखी प्रमाणपत्र परीक्षा), मग आरएचसीएसए (रेड हॅटची प्रात्यक्षिक परीक्षा) द्यायची आहे. कमांडचे सगळे ऑप्शन पाठ हवेत का?

उत्तर १: सगळे नकोत. पण एलपीआयसीच्या प्रत्येक पेपरला ९० मिनिटांत ६० प्रश्न, काही रिकाम्या जागा, मॅन पेज (कमांडची माहिती देणारं मदतीचं पान) नाही. क्रॉनटॅबच्या (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या यादीच्या) रकान्यांचा क्रम (मिनिट, तास, तारीख, महिना, वार) तोंडपाठच हवा. टारमध्ये (फाइल एकत्र बांधणाऱ्या कमांडमध्ये) लहान जे म्हणजे बीझिप२, कॅपिटल जे म्हणजे एक्सझेड, या आकार कमी करायच्या दोन पद्धती. इथे हमखास गोंधळ होतो.

उत्तर २: दादा, आरएचसीएसएला मॅन पेज उघडता येतं. रूट (मुख्य अ‍ॅडमिन) पासवर्ड रीसेटचे टप्पे मात्र पाठच करा, तिथे लॉगिनच नसतं. शेवटी ऑटोरिलेबल फाइल (फाइलींना सुरक्षेची लेबलं पुन्हा लावायला सांगणारी) बनवायची राहिली तर एसईलिनक्स, म्हणजे लिनक्सची सुरक्षा यंत्रणा, लॉगिन अडवतं. एफएसटॅब (सुरू होताना कोणत्या डिस्क जोडायच्या याची फाइल) बदलल्यावर रीबूटआधी 'माउंट -ए' चालवून ती तपासाच. ओळ चुकली तर मशीन नीट सुरू न होता इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं.