१९५१ च्या शेव्हरोले ट्रकचे ६ व्होल्टचे मूळ वायरिंग बदलायचे आहे. सुरुवात कोठून करावी?

प्रश्न : पायसेल्फ

नमस्कार. माझ्याकडे १९५१ सालचा शेव्हरोले ३१०० ट्रक आहे. ६ व्होल्टची बॅटरी, निगेटिव्ह अर्थ (बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले), डायनॅमो आणि पायाने दाबायचा सेल्फ, असे सर्व काही मूळचेच आहे. इंजिन उत्तम चालते, परंतु वायरिंगवर विश्वास ठेवावा अशी स्थिती उरलेली नाही. गेल्या आठवड्यात डॅशबोर्डमागची एक तार जरा बाजूला केली, तर तिच्यावरचे विणलेले कापड बोटाला चिकटून आले आणि आतले रबर भुग्यासारखे खाली पडले. तीन-चार इंच तांबे उघडे पडले होते आणि ते अँमीटरकडे (प्रवाह दाखवणाऱ्या काट्याकडे) जाणाऱ्या मुख्य तारेचे होते. मी त्याच क्षणी बॅटरीची अर्थची केबल काढून ठेवली आहे.

आता संपूर्ण वायरिंग नव्याने करायचे ठरवले आहे. मधल्या काळात कोणीतरी हॉर्नच्या आणि मागच्या दिव्यांच्या तारा बदलल्या असल्याने रंग मूळ आकृतीशी जुळत नाहीत. हेडलाइट पूर्वीपासूनच मंद आहेत. हाताशी काम आहे तर १२ व्होल्टच करून टाकावे, असे काही जण सुचवतात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : तांब्याची तार

अर्थची केबल आधी काढलीत हे योग्यच केले. आता जुना हार्नेस (तारांचा एकत्र बांधलेला जुडगा) एकदम ओढून बाहेर काढू नका. तो कितीही विटलेला असला तरी कोणती तार कोठून वळते, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) कोणत्या भोकातून जाते आणि कोठे क्लिपखाली दबते, याचा तोच एकमेव खरा नकाशा आहे. प्रत्येक टोकाला चिठ्ठी बांधा, मात्र तिच्यावर तारेचा रंग न लिहिता ती तार कोणत्या टर्मिनलवरून सुटली ते लिहा, कारण तुमच्याकडे रंगांनी आधीच दगा दिलेला आहे. त्यानंतर हार्नेस अखंड उतरवून फळीवर पसरा आणि त्याच मापाने नवा बांधा.

मंद हेडलाइटचा दोष बहुधा ६ व्होल्टचा नसून तारेच्या जाडीचा आणि अर्थचा असतो. हिशेब करून पाहा. ४५ वॅटचा एक दिवा ६ व्होल्टवर साडेसात अँपिअर घेतो, म्हणजे दोन्ही मिळून १५. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ७ मिलिओहम असतो. ४ मीटर तारेतून हे १५ अँपिअर गेले की ०.४२ व्होल्ट वाटेतच संपतात. १२ व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटच्या दिव्यांना निम्मा प्रवाह लागतो, त्यामुळे त्याच तारेतली टक्केवारीतली घट चौपटीने कमी भरते. येथे मात्र ती ७ टक्के होते, आणि फिलामेंटचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगाने उतरत असल्यामुळे पाचवा हिस्सा उजेड सहज जातो. हेडलाइटच्या सामाईक वाटेला ६ चौरस मिलिमीटरची तार वापरा. घट ३ टक्क्यांच्या आसपास येईल. बॅटरीच्या केबली ५० ते ७० चौरस मिलिमीटरच्याच हव्यात. सुबक दिसतात म्हणून १२ व्होल्टच्या बारीक केबली बसवायच्या आणि मग सेल्फ ओढत नाही अशी तक्रार करायची, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता आधी केबलच विचारतो.

अर्थसाठी रंग खरवडून उघडा पत्रा काढा, दातेरी वॉशर घाला आणि हेडलाइटच्या बाउलपासून चासीपर्यंत वेगळी अर्थ तार न्या. इंजिन रबरावर बसलेले असते, म्हणून इंजिन ते चासी असा विणलेला पट्टाही हवाच.

त्या काळच्या बऱ्याच ट्रकमध्ये सेल्फच्या टर्मिनलवरून अँमीटरला जाणाऱ्या तारेला कोणताही फ्यूज नसे. मूळ रूप कितीही जपायचे असले तरी तेथे सेल्फजवळच ४० अँपिअरचा एक फ्यूज घालाच. माझ्या स्वतःच्या ट्रकमध्ये फायरवॉलच्या भोकातले ग्रोमेट (रबरी कडे) झिजून ही तार पत्र्याला टेकली होती आणि मी पाना घेऊन बॅटरीपर्यंत पोहोचेतो डॅशखालून धूर निघत होता.

उत्तर : चौदा गेज

वरील बहुतेक सर्व मान्य, पण १२ व्होल्टची वाट अगदीच वर्ज्य समजू नये. रात्री वरचेवर ट्रक चालवायचा असेल किंवा नवी उपकरणे बसवायची असतील तर ती सोयीची आहे. तरीही निर्णयापूर्वी यादी करा: सर्व बल्ब, इग्निशन कॉइल, हॉर्न आणि त्याचा रिले, हीटरची मोटर, पेट्रोलचा काटा, डायनॅमो आणि रेग्युलेटर (डायनॅमोचे चार्जिंग आवरणारी पेटी) यांपैकी प्रत्येक वस्तू बदलावी लागते किंवा तिच्यासाठी व्होल्टेज उतरवण्याची सोय करावी लागते. अँमीटर तेवढा दोन्हीत चालतो. सेल्फ थोडा वेळ १२ व्होल्ट सोसतो, पण फ्लायव्हीलच्या दात्यांवर तो जोराने आदळतो.

पायसेल्फ

आभारी आहे. ट्रक बहुधा दिवसाच चालवतो, त्यामुळे ६ व्होल्टच ठेवतो. दोन शंका राहिल्या: टोके कथलाने डागावीत की क्रिंप करावीत (दाबून बसवावीत), आणि डायनॅमोच्या तारा सोडवल्यानंतर काही विशेष करावे लागते का?

उत्तर : तांब्याची तार

क्रिंप करा, मात्र योग्य दाबयंत्राने, आणि वर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवा. डाग दिला की कथील तारेच्या पिळात वर चढते, तेवढा भाग कडक होतो आणि कंपनाने तार नेमकी त्याच्या कडेला तुटते.

डायनॅमोला ध्रुवता द्यावी लागते, म्हणजे त्याच्या चुंबकत्वाची दिशा बॅटरीशी जुळवावी लागते. तुमच्या ट्रकमधील डेल्को-रेमी पद्धतीत सर्व तारा जोडून झाल्यावर, पण इंजिन सुरू करण्याआधी, रेग्युलेटरवरील बॅटरीचे आणि डायनॅमोचे टर्मिनल तारेच्या तुकड्याने क्षणभरच जोडायचे. बारीक ठिणगी दिसली की तुकडा काढून घ्यायचा. फोर्डच्या त्या काळच्या डायनॅमोत फील्डची (चुंबकत्व निर्माण करणाऱ्या वेटोळ्याची) जोडणी वेगळी असल्याने ही कृती तेथे चालत नाही. तेथे फील्डची तार रेग्युलेटरपासून सोडवून मगच बॅटरीच्या टर्मिनलला टेकवतात, नाहीतर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. इंजिन मध्यम वेगाने फिरत असताना बॅटरीवर ७ ते ७.४ व्होल्ट दिसले पाहिजेत. आकडा ६.३ च्या आसपासच थांबला तर चार्जिंग होत नाही असे समजून आधी डायनॅमोची अर्थ आणि मग रेग्युलेटरच्या तळाची अर्थ तपासा, कारण नव्याने रंगवलेल्या फायरवॉलवर रेग्युलेटर बसवला की हमखास तेथेच अडते.