ॲडालिमुमॅबचं पेन विमानातून न्यायचंय, बर्फात किती ठेवायचं?

पाठताठ: मला अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याच्या सांध्यांना सूज येणारा आजार) आहे, दर दोन आठवड्यांनी ॲडालिमुमॅबचं (प्रतिकारशक्ती दाबून सूज कमी करणारं औषध) इंजेक्शनचं पेन मांडीत घेतो. आता पहिल्यांदाच परदेशात चाललोय तीन आठवडे, म्हणजे एखाददुसरा डोस तिकडेच होणार. बॉक्सवर २ ते ८ डिग्री छापलंय. आइसबॉक्समध्ये भरपूर बर्फ भरून चेक-इन बॅगेत टाकला तर चालेल ना? केबिनमध्ये सुई बघून अडवतील असं वाटतंय.

रात्रपाळी: चेक-इन अजिबात नको हो! बॅग चुकली तर औषधही गेलं, आणि सामानाच्या कप्प्यात किती गार-गरम होईल याचा भरवसा नाही. सुईचं टेन्शन घेऊ नका, फक्त मूळ खोक्यातच ठेवा, त्यावरचं लेबल फाडू नका आणि प्रिस्क्रिप्शन, डॉक्टरांचं पत्र जवळ असू द्या. पत्रात ब्रँडसोबत औषधाचं मूळ नावही हवं, कारण दुसऱ्या देशात ब्रँड वेगळा असतो. द्रव पदार्थांची १०० मिलीची मर्यादा बहुतेक ठिकाणी औषधांना लावत नाहीत, पण तपासणीला आधीच बाहेर काढून सांगायचं. आणि बर्फाचं म्हणाल तर तोच जास्त घातक! पेन एकदा गोठलं की बाद, वितळल्यावर आतलं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसलं तरी. जेल पॅक टॉवेलात गुंडाळा, पेनला थेट टेकू देऊ नका.

गोडघाशी: मी इन्सुलिनवाली. हॉटेलचा छोटा फ्रिज भरवशाचा नाही, मागच्या भिंतीला चिकटलेली वस्तू तिथे गोठते, म्हणून दारात ठेवायचं. ते पाण्यात भिजवायचे पाऊच मिळतात ना, ते फक्त उन्हापासून वाचवतात, २ ते ८ राखत नाहीत, त्यामुळे वापरात असलेल्या इन्सुलिनला मस्त पण तुमच्या पेनला कितपत, बघा. वापरलेलं पेन कचऱ्यात नको, जाड प्लास्टिकची झाकणाची बाटली न्या.

पाठताठ: म्हणजे फ्रिज नाही मिळाला तर संपलंच?

सांधेवाला: नाही हो. मूळ ब्रँडचं ॲडालिमुमॅब २५ डिग्रीपर्यंत, उजेडापासून लांब, १४ दिवस बाहेर चालतं. बाहेर काढल्याची तारीख खोक्यावर लिहा, कारण नंतर परत फ्रिजमध्ये टाकलं तरी ते १४ दिवस पुन्हा शून्यापासून सुरू होत नाहीत. बायोसिमिलर (दुसऱ्या कंपनीने बनवलेलं त्याच्यासारखंच औषध) घेत असाल तर दिवस वेगळे, आतला कागद वाचा. आणि एक कुणी बोललंच नाही, जिथे जाताय तिथे यलो फीव्हरची लस लागते का? ती जिवंत विषाणूची असते, या औषधावर असताना घेत नाहीत, तिकीट काढायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. तिकडे ताप किंवा इन्फेक्शन झालं तर डोस घ्यायच्या आधी त्यांना फोन करा, आपल्या मनाने टोचू नका.