घडीतली लाली आणि पाठीवरची शिबं: एकच मलम चालेल का?

प्रश्न: आईला मधुमेह आहे. स्तनांखालची घडी लालभडक, ओलसर झालीय, कडेने बारीक पुटकुळ्या. भावाच्या पाठीवर फिकट चट्टे, नखाने खरवडलं की कोंडा सुटतो. दोघांना एकच मलम चालेल?

प्रतिसाद १: मुख्य लालीपासून सुट्या पुटकुळ्या ही कॅन्डिडा या बुरशीची खूण. घडी धुऊन टिपून कोरडी करा, चोळू नका. क्लोट्रिमॅझोल १% पातळ थराने दिवसातून दोनदा, २ ते ४ आठवडे. लाली गेली म्हणून चौथ्या दिवशी थांबवलं की बरेचदा उलटतं. घडीत मऊ सुती कापड ठेवा, ओलं होताच बदला. आणि साखर तपासाच. ती चढलेली असेल तर मलम कमीच पडतं.

प्रतिसाद २: भावाची शिबं वाटतात, ती मॅलेसेझिया या बुरशीमुळे. पाठभर मलम पुरत नाही. केटोकोनॅझोल २% शाम्पू ओल्या अंगाला लावून ५ मिनिटांनी धुवा, सलग ५ दिवस. कोंडा थांबला की बुरशी गेली. रंग भरायला मात्र महिने लागतात, तेवढ्यासाठी औषध वाढवू नका.

प्रतिसाद ३: कृपा करून ट्यूबवर बेक्लोमेथासोन, क्लोबेटासोल ही नावं नाहीत ना, ते वाचा. ती स्टिरॉइडं. खाज लगेच थांबते, पण आत बुरशी पसरते आणि घडीतली कातडी पातळ होते. आईंना ताप, पू किंवा वेदना असतील तर थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठा.